ओसरणारा पुरावा

मद्यपी वाहनचालकांवरील खटले फसतात ते भ्रष्टाचारामुळे, अज्ञानामुळे नव्हे, आणि म्हणून पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील व न्यायाधीश यांची प्रशिक्षणशिबिरे म्हणजे निव्वळ चहा-बिस्किटांची सोय, असे एक मत पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर प्रतिष्ठा पावले आहे. १९ मे २०२४ च्या त्या अपघातात दोन तरुण अभियंते मरण पावले. अल्पवयीन चालकाला जामीन देताना बाल न्याय मंडळाच्या शासननियुक्त सदस्याने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, आणि ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ज्याला नमुना बदलायचाच आहे त्याला तो नीट घेण्याचे धडे देऊन काय साधणार, हा प्रश्न बिनतोड वाटतो. लोकांनी मात्र आपला बहुतेक राग निबंधावरच खर्च केला. विनोदाला तो विषय सोयीचा होता.

वास्तविक या खटल्यांची जात निराळी आहे. खुनातला चाकू सापडेपर्यंत पडून राहतो. रक्तातील अल्कोहोल यकृत सतत नष्ट करीत असते, आणि शंभर मिलिलिटर रक्तामागे त्याचे प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ ने ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे अपघाताच्या क्षणी १२० मिलिग्रॅम असलेला चालक आठ तासांनी कागदोपत्री निर्व्यसनी ठरू शकतो. कलम २०२ दोन तासांत वैद्यकीय तपासणीची अट घालते खरे, पण ते दोन तास मोजायचे अटकेपासून, अपघातापासून नव्हे. त्यातच सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली, किंवा नमुना आंबू नये म्हणून कुपीत घालायचे सोडियम फ्लोराइड राहून गेले, की बचावपक्षाचे निम्मे काम रुग्णालयातच उरकते.

रक्ताच्या नमुन्यावरील या भिस्तीच्या मुळाशी बचुभाई करयाणी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निकाल आहे. तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती, असे न्यायालयाने म्हटले. ते योग्यच होते. डोक्याला मार बसलेला किंवा रक्तातील साखर उतरलेला माणूसही असाच दिसतो. परंतु ‘एवढ्यावरून नव्हे’ याचा अर्थ ‘याची गरजच नाही’ असा लावण्याचा आळस पुढे बळावला, आणि जिथे चालीचे, बोलण्याचे, डोळ्यांच्या हालचालींचे तपशीलवार टिपण हवे तिथे ‘मद्याचा वास येतो’ एवढी एक ओळ उरली. याची खरी किंमत गांजा वा गुंगीच्या गोळ्यांच्या प्रकरणांत मोजावी लागते. तिथे कायद्याने आकडा दिलेलाच नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता हे सिद्ध करावे लागते, आणि गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस टिकत असल्याने प्रयोगशाळेचा अहवाल त्या वेळच्या असमर्थतेविषयी फारसे काही सांगत नाही. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी अशा निरीक्षणाची टप्प्याटप्प्याची पद्धत १९७० च्या दशकातच बसवायला घेतली होती. आपल्याकडे त्या जागी छापील नमुन्यातील रिकामी चौकट आहे.

तरीही आक्षेपकांचे अर्धे म्हणणे मान्य करावे लागते. नमुना कसा जपावा हे ज्याला कळते त्याला तो कसा बिघडवावा हेही कळते, आणि ज्ञानाने सचोटी येते असे मानण्यास आधार नाही. मात्र पुण्यातील बनाव उघड कसा झाला, हे हीच मंडळी सांगत नाहीत. पोलिसांनी जाहीर केल्याप्रमाणे, औंधच्या सरकारी रुग्णालयात खबरदारी म्हणून दुसरा नमुना घेतला गेला होता आणि डीएनए जुळला नाही. तेव्हा प्रशिक्षणाने कोणाला प्रामाणिक करायचे नसून, एकाने केलेली लबाडी दुसऱ्याच्या नजरेस येईल एवढी जाण त्या दुसऱ्याला द्यायची आहे. असे असता न्यायाधीशांनी उत्तनच्या न्यायिक अकादमीत, पोलिसांनी आपल्या प्रबोधिनीत आणि डॉक्टरांनी वैद्यकीय महाविद्यालयात आपापला धडा वेगवेगळा गिरवण्याची रीत कुचकामी ठरते. आकस्मिक विभागातील डॉक्टरची सरतपासणी सरकारी वकिलाने न्यायाधीशासमोर घेतली आहे, असा सराव या तिघांनी एकाच खोलीत करायला हवा. अपघात किती वाजता झाला, रक्त किती वाजता काढले, कुपीवर मोहोर कोणी लावली आणि ती पाठवेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती, हे चार प्रश्न जामिनाच्या पहिल्याच सुनावणीत विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.