गोष्ट कोणासाठी?

बिबवेवाडीहून मार्केट यार्डकडे जाताना नव्या इमारतींचे फलक आपण पाहतोच. त्यांवर सिमेंट आणि विटा कधी दिसत नाहीत; दिसते ती हसणारी आजी आणि बागेत पळणारा नातू. घर विकायचे तर आधी गोष्ट सांगावी लागते. मग मनात येते, गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक गाठण्याची युक्तीच झाली काय?

तसे म्हणायला आपली जीभ धजत नाही. 'माझा शेजारी कोण?' असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने व्याख्या दिली नाही. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूची गोष्ट सांगितली आणि प्रश्न शास्त्र्याकडेच परतवला (लूक १०).

आपल्या मराठीतही असे घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याच्या आरंभी साष्टीतले नवख्रिस्ती म्हणतात, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. या मागणीत हिरावले गेल्याचे दुःखही आहे, ते आपण झाकू नये. पण फादरांनी ती ऐकली, आणि लोकांच्या कानाला सवयीच्या ओवीत हजारो ओव्या रचल्या.

अलीकडचे एक उदाहरण यंत्राचे आहे. अमेरिकेतील डग डीट्झ हे एमआरआय यंत्रे घडवीत. आपले नवे यंत्र पाहायला ते रुग्णालयात गेले, तर एक लहान मुलगी त्या यंत्राला भिऊन रडत होती. तिथपर्यंत त्यांना यंत्राचा अभिमान होता! पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी यंत्र तेच ठेवून खोलीचे रूप पालटले. कुठे समुद्री चाच्यांचे गलबत झाले, कुठे होडी. होडी डुलू नये म्हणून मुलाने स्थिर पडून राहायचे. भूल द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या घटली.

हे मुलांशी खोटे बोलणे झाले काय? आम्हाला तसे वाटत नाही. होडी खरी नाही हे मुलालाही कळते, आणि खेळातून मिळते ते त्याच्याच कामाचे असते. डीट्झ यांची गोष्ट त्या रडण्यातून निघाली, फादर स्टीफन्स यांची त्या मागणीतून. फलकावरची गोष्ट मात्र आपण कोण हे न विचारताच तयार असते.

बिल्डरांना नावे ठेवणे सोपे आहे. आजाऱ्याच्या किंवा दुःखिताच्या घरी आपण काय करतो? बसल्या बसल्या सुरू होतो : 'देव परीक्षा पाहतो', 'आमच्या मावशींचेही असेच झाले होते'. हीही तयार गोष्टच. मुलगा गेल्यावर एका आजींना अशा पुष्कळ ऐकाव्या लागल्या. त्यांना स्वतःला त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगायची होती. ती ऐकायला कोणी बसले, ते महिन्याच्या मिस्सेनंतर.