‘युनिटी’ शब्दाचा अर्थविचार

ऐक्य या अर्थी इंग्रजीतील ‘युनिटी’ हा शब्द आज मराठी बोलण्यातही रुळला आहे. परंतु दोघांचे ऐक्य म्हणजे एकाने दुसऱ्यात नाहीसे होणे, की दोघांनी दोन राहून जुळणे, हा प्रश्न त्या शब्दाआड झाकला जातो.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. लॅटिन भाषेत ‘उनुस’ म्हणजे एक. त्यावरून ‘उनितास’ हे भाववाचक नाम झाले व जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. इंग्रजीचा स्वतःचा ‘वन’, लॅटिन ‘उनुस’ आणि संस्कृत ‘एक’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे होत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

या ‘वन’पासून मात्र परस्परविरुद्ध अर्थ निघाले. ‘ऑल’ म्हणजे सर्वथा, त्यास ‘वन’ जोडून ‘अलोन’ झाला. त्याचा अर्थ एकटा. याउलट ‘ॲट वन’, म्हणजे एकमनाने असणे, यावरून ‘अटोनमेंट’ झाला. विल्यम टिंडेल याने आपल्या १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात तो समेट या अर्थी योजला. पापाची भरपाई हा अर्थ पुढे दृढ झाला. मराठीतही ‘एकटा’ आणि ‘एकी’ ही एकाच शब्दाची लेकरे होत.

समेटास दोन पक्ष लागतात. दुसऱ्यास पुसून जे उरते ते एकटेपण. त्यास ऐक्य म्हणता येत नाही. ज्या घरात एकाच्या शब्दापुढे सर्व मुके होतात, तेथे भांडण ऐकू येत नाही. परंतु तेवढ्याने तेथे एकी नांदते असे होत नाही.

शंका : भेद उरला तर ऐक्य अपुरेच नव्हे काय?

समाधान : नव्हे. भेद निराळा आणि दुरावा निराळा. ऐक्याने दुरावा जावा लागतो, भेद नव्हे. महानुभाव दर्शनात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न मानले आहेत. मुक्त जीवही परमेश्वर होत नाही. तो परमेश्वराचा आनंद भोगतो. भोगणारा उरलाच नाही, तर आनंद कोणास?

केवळ व्युत्पत्तीने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि कोणी ऐक्याची हाक दिली असता, तो जुळण्यास बोलावतो की पुसले जाण्यास, एवढे विचारण्याचा विवेक तिने येतो.