निमित्त आणि रुची : धनुष्याने होणाऱ्या मृगयेचा विचार

हिंसेचा निर्णय करताना केवळ क्रिया पाहून भागत नाही. ती कोणत्या निमित्ताने घडली व कोणत्या रुचीने घडली, हेही पाहावे लागते. निमित्त बाहेर असते, रुची अंतःकरणात असते. पुष्कळदा निमित्त पुढे करून रुची मागे लपते. या भेदाचे स्पष्ट उदाहरण म्हणून अमेरिकेतील हरणांच्या शिकारीचा येथे विचार करू.

त्या देशातील अनेक राज्यांत बंदुकीच्या शिकारीपूर्वी धनुर्धाऱ्यांसाठी निराळा हंगाम राखून ठेवलेला असतो. विस्कॉन्सिन राज्यात तो सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो. त्या वेळी झाडांची पाने गळालेली नसतात आणि नरांच्या शिंगांवरील मखमली आवरण नुकतेच गेलेले असते. शिकारी वाऱ्याची दिशा पाहून झाडावरील माचाणावर तासन्‌तास निश्चल बसतो. हरीण वीस-तीस यार्डांच्या आत आले तरच बाण सोडावा, असा संकेत आहे. बाण गोळीसारखा आघाताने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून नेम अचूक नसेल तर प्राणी जखमी होऊन दूर जातो आणि कित्येकदा सापडतही नाही.

येथे पूर्वपक्ष असा : विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीची ही हरणे सुमारे पाच लाख उरली होती, आज ती अदमासे तीन कोटी आहेत. ती वनातील कोवळी रोपे खाऊन टाकतात, रस्त्यांवर मोटारींखाली येतात, आणि कडक हिवाळ्यात उपासाने मरतात. उपासाच्या मृत्यूपेक्षा बाणाचा मृत्यू बरा. तेव्हा ही शिकार दोष नसून कर्तव्यच होय.

हा पूर्वपक्ष थट्टेवारी नेण्यासारखा नाही. उपासमारीचे दुःख खरे आहे. तथापि ही आवश्यकता कोठून आली, हे विचारले पाहिजे. हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारे लांडगे त्या देशातील बहुतेक प्रदेशांतून बक्षिसे लावून, सापळे व विष घालून मनुष्यानेच नाहीसे केले. म्हणजे आजच्या हिंसेचे निमित्त हे कालच्या हिंसेचे फळ आहे. ऋण फेडण्यासाठी पुन्हा ऋण काढावे लागले, तर ती निरुपायाची गोष्ट असेल. तिला पुण्य म्हणता येत नाही.

आता रुचीची परीक्षा करू. एक नर अनेक माद्यांशी संग करतो. म्हणून काही नर मारल्याने संख्या फारशी घटत नाही, माद्या कमी झाल्या तरच ती घटते. निमित्त जर संख्येचे असेल, तर बिनशिंगी मादीवर समाधान असावयास हवे. परंतु १९६१ मध्ये स्थापन झालेली पोप अँड यंग क्लब ही संस्था धनुष्याने मारलेल्या नरांच्या शिंगांची मापे नोंदविते. विस्कॉन्सिनमध्ये काही भागांत असा नियम होता की, आधी बिनशिंगी हरीण मारावे, मगच नर मारण्याची अनुज्ञा मिळावी. तो शिकाऱ्यांना रुचला नाही आणि २०११ मध्ये कायद्याने रद्द झाला. निमित्ताने मागितले एक, रुचीने मागितले दुसरे. तेथे रुचीचाच जय झाला.

ज्या सॅक्सटन पोप यांचे नाव त्या संस्थेने घेतले आहे, ते कॅलिफोर्नियातील वैद्य होते. याही जमातीचा अखेरचा पुरुष इशी १९११ मध्ये रानातून बाहेर आला. त्याच्यापासून ते धनुर्विद्या शिकले. इशी १९१६ मध्ये वारला. त्याला धनुष्य पोटासाठी हवे होते. शिष्याला ते छंदासाठी हवे झाले. विद्या तीच, बाण तोच. मात्र निमित्त गेले आणि रुची उरली. मारलेला जीव दोहोंकडे सारखाच तडफडला, हे खरे. पण कर्त्याच्या अंतःकरणावर उमटलेला संस्कार सारखा कसा असेल?

अशा शिकाऱ्यात काहीच गुण नाही, असेही म्हणू नये. नेम निश्चित नसेल तर बाण न सोडणे, समोर आलेले हरीण जाऊ देणे, हा संयमच आहे. परंतु हा संयम मारण्याच्या दारापर्यंत जाऊन थांबतो. एक पाऊल पुढे टाकले असते तर तोच दया झाला असता. त्याने आपणास एवढेच विचारावे : उद्या मारण्याची आवश्यकता उरली नाही, तर धनुष्य खुंटीला टांगताना आनंद होईल की खेद? खेद होणार असेल, तर आवश्यकता हे केवळ आवरण होते.

हा प्रश्न परक्या देशापुरता नाही. रोही व रानडुकरे उभे पीक तुडवितात तेव्हा आपल्या वासनिक शेतकऱ्यापुढेही निमित्त उभे राहते. त्याने राखण करावी, कुंपण घालावे, शासनाकडे भरपाई मागावी. परंतु दुसऱ्याने जनावर मारल्याचे कळून मनास गोडी वाटली, तर हात न उचलताही अनुमोदनाचा दोष घडतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आश्रयास आलेला ससा शिकाऱ्यांच्या हाती दिला नाही, आणि शिकाऱ्यांनाही धिक्कारून दूर लोटले नाही. त्यांना विचारास लावले. निमित्ताचा निवाडा परिस्थिती करील. रुचीची शुद्धी मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे.