पाहणाऱ्याची फलासक्ती

एखाद्या निर्णयाचे बरेवाईटपण त्याच्या निकालावरून ठरवावे, की तो घेतला त्या घटकेला कर्त्याला जे ठाऊक होते त्यावरून ठरवावे, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आज सर्वाधिक तावातावाने चर्चिला जातो तो खेळाच्या मैदानाभोवती. ५ जुलै २०१४ रोजी ब्राझीलमधील साल्वादोर येथे फुटबॉल विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात नेदरलँड्स आणि कोस्टा रिका यांच्यात अतिरिक्त वेळेअखेरीही गोल झाला नव्हता, तेव्हा डच प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी सामनाभर खेळलेल्या यास्पर सिलेसन या गोलरक्षकाला बाहेर बोलावले आणि केवळ पेनल्टीचे फटके अडवण्यासाठी उंच, लांब हातांच्या टिम क्रुलला शेवटच्या मिनिटाला मैदानात उतरवले. क्रुलने दोन फटके अडवले, नेदरलँड्सने ४–३ अशी बाजी मारली आणि व्हॅन गाल यांच्या धाडसाचे जगभर गोडवे गायले गेले. सात वर्षांनी, ११ जुलै २०२१ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनीही नेमक्या अशाच क्षणी मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सँचो या दोन ताज्या दमाच्या खेळाडूंना पेनल्टीसाठी म्हणूनच आत आणले. रॅशफर्डचा फटका खांबावर आदळला, सँचोचा आणि त्यानंतर बुकायो साकाचा फटका इटलीच्या गोलरक्षकाने अडवला, आणि त्याच रात्रीपासून साउथगेट यांचा निर्णय अविचाराचा नमुना ठरला.

या दोन निर्णयांची घडण जवळजवळ सारखीच आहे. दोन्हींमध्ये आधी केलेला विचार होता आणि खेळत असलेल्या माणसापेक्षा बाकावरील माणूस या एका कामासाठी अधिक योग्य आहे असा अंदाज होता. आणि सामन्याशी अंगाने एकरूप न झालेल्या खेळाडूवर सर्वांत अवघड भार टाकण्याची जोखीमही दोन्हींमध्ये होती. वेगळे होते ते चेंडूचे पुढे काय झाले एवढेच, आणि ते प्रशिक्षकाच्या हाती नव्हते. असे असताना एकाला द्रष्टा आणि दुसऱ्याला नादान म्हणण्याचा अधिकार पाहणाऱ्याला कोठून मिळतो, याचा शोध धर्मविचाराच्या अंगाने घेणे अगत्याचे आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणात या प्रश्नासाठी लागणारी परिभाषा तयार मिळते. तेथे कर्माचे मानुष आणि दैव असे दोन भाग केले आहेत: मानुष कर्मातील सुनीतीला ‘नय’ आणि दुर्नीतीला ‘अपनय’ म्हटले आहे, तर ज्याचे कारण दिसत नाही अशा दैवाच्या अनुकूल कौलाला ‘अय’ आणि प्रतिकूल कौलाला ‘अनय’ अशी नावे आहेत. मानुष तेवढे विचारात घेता येते आणि दैव विचारापलीकडचे असते, असेही तेथेच म्हटले आहे. या मांडणीतून चार जोड्या संभवतात: नयाला अयाची साथ मिळते किंवा नयावर अनय कोसळतो, अपनयाला अय तारून नेतो किंवा अपनय आणि अनय एकत्र येतात. लोकव्यवहारात मात्र या चार जोड्यांपैकी दोनच शिल्लक उरतात, कारण यश आले की मागे नय होताच असे धरले जाते आणि अपयश आले की अपनय सिद्ध झाला असे मानले जाते. मधल्या दोन जोड्या, म्हणजे योग्य विचार करून हरलेला आणि चुकीचा विचार करून जिंकलेला माणूस, चर्चेतून नाहीशा होतात. आणि न्यायबुद्धीची खरी परीक्षा याच दोघांच्या बाबतीत असते.

जालना जिल्ह्याच्या भूमीवर या परीक्षेचे एक ठळक उदाहरण घडले आहे. भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. दोनच दिवस आधी बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन असे ठरले होते की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी निघावे आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूस शत्रूवर एकत्र हल्ला करावा. परंतु २३ तारखेला मुक्कामाच्या ठिकाणी पोचताच वेलस्लीला कळले की मराठा फौज ठाऊक होती त्यापेक्षा पुष्कळच जवळ, अवघ्या काही कोसांवर, तळ देऊन आहे. त्याच्यापाशी कंपनीचे सुमारे साडेचार हजार सैनिक आणि म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार होते. समोर कित्येक पटींनी मोठी फौज, पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखालची कवायती पलटणे आणि सुमारे शंभर तोफा होत्या. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याच दुपारी हल्ला चढवण्याचे त्याने ठरवले.

त्यापुढील क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. मराठा फौजेच्या समोर केळना नदी होती आणि नदीचा उतार, म्हणजे पाण्यातून पायी पार होण्याजोगी जागा, तोफांच्या थेट माऱ्यात होता. दुसरा उतार नाही असे स्थानिक वाटाड्यांनी निक्षून सांगितले. वेलस्लीला दूरवर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली, एक पिंपळगाव आणि दुसरे इंग्रजी कागदांत वारूर असे लिहिले गेलेले. आणि त्याने असे अनुमान केले की माणसे इतक्या जवळ दोन काठांवर घरे बांधून राहतात तेथे त्यांना एकमेकांकडे जाण्यायेण्याची वाट असणारच. उतार निघाला. फौज पार झाली, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात लढाई झाली आणि इंग्रज जिंकले. पण त्यांचे सुमारे सोळाशे लोक मारले गेले, जखमी वा बेपत्ता झाले, म्हणजे कंपनीच्या त्या छोट्या फौजेतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक. स्टीव्हन्सन पोचला तो दुसऱ्या दिवशी.

या विजयानंतर जे घडले ते धर्मविचाराच्या दृष्टीने लढाईइतकेच मोलाचे आहे. टॉमस मन्रो, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, त्याने जिंकलेल्या मित्राला अभिनंदनावर न थांबता विचारले की सैन्याची विभागणी मुळात का केली आणि स्टीव्हन्सनसाठी का थांबला नाहीस. वेलस्लीने नोव्हेंबरच्या आरंभी त्याला सविस्तर उत्तर लिहिले. त्यात विजयाचा दाखला पुढे करून तो मोकळा झाला नाही. शत्रूच्या जागेविषयी बातमी काय होती, ती कोठे चुकली, माघार घेतली असती तर मराठा घोडदळाने आपले काय केले असते, याचा हिशेब त्याने मांडला. कौटिल्याच्या परिभाषेत सांगायचे तर दोन गावांवरून उताराचे अनुमान हा नय होता. अपुऱ्या बातमीवर सैन्याचे दोन भाग करण्यात अपनयाचा अंश होता आणि तो अयाने झाकला. ही वजाबाकी विजेत्याच्या बाबतीत करणारा पाहणारा दुर्मीळ असतो, आणि मन्रो तसा होता.

पाहणाऱ्याकडून अशी अपेक्षा का धरावी, याचे उत्तर भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. तेथे प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्म जेथे घडते तो आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. पाच कारणे असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, असे गीता लगेच पुढे म्हणते. हे वचन कर्त्याच्या अहंकाराला उद्देशून आहे असे मानण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे, तथापि तोच दोष पाहणाऱ्यातही असतो, कारण तोही पाच कारणांचा निकाल एकट्या कर्त्याच्या नावावर मांडतो. फळावर दृष्टी खिळवून कर्म करणे ही कर्त्याची फलासक्ती. फळावर दृष्टी खिळवून कर्माचे मोल करणे ही पाहणाऱ्याची फलासक्ती होय. दुसरी अधिक घातक आहे, कारण प्रेक्षकाला स्वतः काही गमवावे लागत नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त नीतिनिर्णयाची कसोटी म्हणून बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला अग्रस्थान दिले आणि केवळ परिणामाची बेरीज पाहणाऱ्या पाश्चात्त्य सुखवादी पक्षाचे सविस्तर खंडन केले, तेही याच दिशेने जाते.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनी ‘नैतिक दैव’ या नावाने तो मांडला. नैतिक दैव म्हणजे ज्या गोष्टींवर माणसाचा ताबा नसतो त्यांच्यामुळे त्याच्या वाट्याला येणारी नैतिक स्तुती किंवा निंदा. विल्यम्स यांनी फ्रेंच चित्रकार गोगँच्या जीवनावर बेतलेले उदाहरण घेतले: कुटुंब मागे टाकून कलेसाठी दूर निघून गेलेल्या माणसाचे समर्थन झालेच तर ते त्याच्या कलेच्या यशानेच होऊ शकते, आणि ते यश तर निघताना हाती नसते.

जालना जिल्ह्याला या उदाहरणासाठी फ्रान्सकडे पाहण्याचे कारण नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर परंपरेनुसार बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून मांडवातून निघून गेला, नाशिकजवळ टाकळीला त्याने तप केले, आणि पुढे तो समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्राला वंद्य झाला. त्या मांडवात अंतरपाटापलीकडे एक मुलगी उभी होती आणि घरी एक आई होती. नारायण गोदावरीच्या काठी कोठे तरी हरवला असता तर त्या निघून जाण्याला परंपरेने वैराग्य म्हटले असते का, हा प्रश्न समर्थांवरील श्रद्धेला बाध न आणता विचारता येतो, नव्हे विचारला पाहिजे. त्याचे एक उत्तर समर्थांच्याच विचारात सापडते. ‘दासबोधा’त सावधपणा आणि साक्षेप, म्हणजे चिकाटीने केलेला उद्योग, यांवर जो भर आहे तो पाहता मांडवातून निघण्याचे समर्थन त्या एका क्षणात शोधावयाचे नसून पुढच्या तपातून, भ्रमणातून आणि लोकसंग्रहातून ते रोज नव्याने कमवावयाचे होते. निकाल येथे मोजला जातो हे खरे, परंतु त्या निकालात दैवाइतकाच कर्त्याचा पुढील प्रत्येक दिवस मिसळलेला आहे. पेनल्टीचा फटका तसा नाही. तेथे निर्णय आणि निकाल यांच्यामध्ये कर्त्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून नैतिक दैवाचा आक्षेप दीर्घ आयुष्याच्या निर्णयांना जेवढा लागू पडतो तेवढा अखेरच्या मिनिटाच्या निर्णयांना पडत नाही.

विल्यम्स यांचे आणखी एक निरीक्षण मात्र दोन्हीकडे खरे आहे. दोष नसतानाही ज्याच्या गाडीखाली मूल येते त्या चालकाला जे दुःख होते ते बाजूला उभ्या असलेल्याच्या दुःखाहून वेगळे असते आणि तसे ते असलेच पाहिजे. फळावर अधिकार नाही याचा अर्थ फळाची जबाबदारी टाळावी असा गीतेतून निघत नाही. वेम्बलीच्या पराभवानंतर पेनल्टी कोणी घ्यायची हा निर्णय आपला होता असे साउथगेट यांनी उघडपणे सांगितले. त्याच वेळी तिन्ही तरुण खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार चालू होता. निकाल आपल्या अंगावर घेणे हा कर्त्याचा धर्म, आणि तो निकाल कर्त्यावर न लादणे हा पाहणाऱ्याचा.

मराठी समाजाने पाहणाऱ्याचा हा धर्म सर्वाधिक वेळा जेथे मोडला त्या पानिपताचा आरंभही याच जिल्ह्यात आहे. निजामावरील उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये परतूर, तत्कालीन कागदांतील पटदूर, येथील छावणीत नानासाहेब पेशव्यांनी सदाशिवरावभाऊंना उत्तरेच्या मोहिमेवर धाडण्याचे ठरवले. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला असे सांगितले जाते, आणि त्या उतरण्यावर आजवर वाद चालू आहे. निकालाकडे पाठ फिरवून तपासले तर हा वाद भलत्याच जागी चालला आहे असे दिसते. मोहिमेबरोबर चाललेला कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि जड सामान मागे ठेवावे, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी दिल्याचे जुने वृत्तांत सांगतात; तो मानला गेला नाही. धोका त्या वेळीच दिसत होता, म्हणून हा अपनय होता, आणि त्या दिवशी मराठे जिंकले असते तरी तो अपनयच राहिला असता. उलट दुपारपर्यंत मराठ्यांकडील इब्राहीमखान गारद्याच्या पलटणांनी शत्रुपक्षातील रोहिल्यांची जी दाणादाण उडवली ती पाहता, अन्न संपलेल्या छावणीत उपाशी मरण्यापेक्षा गोल, म्हणजे चौफेर बंदिस्त व्यूह, बांधून यमुनेकडे लढत निघण्याचा बेत नयाचा होता. विश्वासरावांना लागलेली गोळी हा अनय होता. आणि पुतण्या पडल्यावर हत्तीवरून उतरलेल्या चुलत्याच्या त्या एका हालचालीला या चारांपैकी कोणतेही नाव देण्याची घाई करू नये हे बरे.

त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतावरील आपल्या ग्रंथात तत्कालीन पत्रे, रसद आणि रणभूमीचा भूगोल तपासून भाऊंवरील ठपका पुष्कळसा हलका केला, तेव्हा त्यांनी हरलेल्यासाठी तेच केले जे मन्रोने जिंकलेल्यासाठी केले होते. त्यांच्या पद्धतीने पुढे जायचे तर चर्चा पानिपताच्या दुपारवरून उचलून परतूरच्या छावणीत न्यावी लागेल: दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी ताजी आहे, राघोबादादांच्या आधीच्या उत्तर मोहिमेने कर्ज वाढवले आहे, उदगीरला गारद्याच्या तोफांनी निजामाला नमवलेले सर्वांनी पाहिले आहे, भाऊंना दौलतीचा हिशेब ठाऊक आहे पण उत्तरेकडील राजेरजवाडे ठाऊक नाहीत, आणि पुढच्या दहा महिन्यांतील एकही गोष्ट अद्याप घडलेली नाही.