देणे फिटले, व्यसन सुटले काय?

(द्यूतलीळेचे चिंतन)

परमेश्वर अवताराची कोणतीही क्रीडा निष्प्रयोजन नसते. श्रीमुखीचे वचन जसे जीवाच्या उद्धारासाठी, तशीच श्रीचरणांची प्रत्येक लीळाही जीवाच्या उद्धारासाठीच होय. म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक मिळवून ऋद्धिपुरी ग्रथित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या द्यूतक्रीडेचा प्रसंग आला आहे. प्रपंचात राहणाऱ्या वासनिकाने या लीळेचे चिंतन आज विशेषेकरून करावे, असा काळ आला आहे.

गुर्जर देशीच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव याचे शरीर परमेश्वराने स्वीकारले. त्या आश्रमात असता द्यूत खेळणे झाले. डाव हरला, देणे झाले, आणि जिंकणाऱ्यांचे मागणे उभे राहिले. पत्नी कमळाइसेपाशी अलंकार मागितले. ते तिने दिले नाहीत. अखेर पित्याने देणे चुकते केले. लौकिक दृष्टीने प्रकरण येथे संपले. परंतु लीळा येथे संपत नाही. देणे फिटल्यावरही चित्ती उदासीनता स्वीकारून, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून स्वामी घराबाहेर पडले आणि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले.

येथे शंका निघते: जो पूर्णकाम, त्याला द्यूताची आवड कशी? तिचे समाधान असे की, ती आवड नव्हे, तो स्वीकार होय. जीव ज्या गर्तेत पडतो तिचा तळ जीवाला दिसत नाही. तो कृपाळूपणे दाखविला गेला. सप्त व्यसनांत द्यूताची गणना आहे, आणि उपदेश घेणाऱ्याने त्या सातांचा त्याग करावा ही पंथाची मर्यादा आहे. म्हणून या लीळेचा आधार घेऊन कोणी द्यूताचे समर्थन करील, अथवा पत्नीपाशी दागिने मागेल, तर तो लीळेचा विपर्यास होईल. लीळा चिंतनासाठी आहे, अनुकरणासाठी नव्हे.

आता द्यूताचे मर्म कोणते? ते फाशात नाही. ‘आणखी एक डाव, म्हणजे मन निवेल’ या आशेत आहे. ही आशा ज्या कर्मात शिरेल, ते कर्म द्यूतच होय, मग तेथे पट मांडलेला असो वा नसो.

नाशिकचे इंदिरानगर ही महामार्गालगतची नोकरदारांची वसाहत. अंबड, सातपूरच्या कारखान्यांत कष्ट करून, बँकेचे कर्ज काढून घर घेतलेली कितीतरी कुटुंबे येथे नांदतात. ऐपत पाहून घरासाठी काढलेले कर्ज हे व्यसन नव्हे. त्याला हेतू आहे, मर्यादा आहे. परंतु अशाच एका घराची कल्पना करावी. दुपारी मन उदास झाले की गृहिणी मोबाइलवर साडी निवडते. खोके दारी येते, आणि ते उघडण्यापूर्वीच मन पुढच्या वस्तूकडे गेलेले असते. गृहस्थ चालता मोबाइल टाकून हप्त्याने नवा घेतो. दोघेही एकमेकांपासून क्रेडिट कार्डाचे पत्रक लपवितात. मुलाचे शाळेचे शुल्क भरण्याची वेळ येते तेव्हा मात्र दोघेही निरुत्तर होतात. हा द्यूताचाच पट होय.

याचे गणितही निष्ठुर आहे. कार्डावर ५०,००० रुपये थकले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि भरणा केवळ किमान, म्हणजे पाच टक्के धरला, तर २,५०० रुपये भरूनही त्यातील १,७५० व्याजात आणि ३१५ त्यावरील करात जातात. मूळ देणे ४३५ रुपयांनीच घटते. मनुष्य ‘हप्ता भरला’ म्हणून निश्चिंत होतो, ऋण मात्र जेथल्या तेथे राहते.

हे व्यसन ओळखावे कसे? गरज नसता, मन बेचैन झाले म्हणून खरेदी होते. घेताना सुख आणि घेतल्यावर ग्लानी येते. वस्तू वा किंमत घरच्यांपासून लपविली जाते. जुने देणे फेडण्यासाठी नवे देणे काढले जाते. आणि ‘आता पुरे’ हा निश्चय वारंवार मोडतो. या खुणा जुळल्या तर त्याला हौस म्हणू नये. जर्मन मनोवैद्य क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच खरेदीच्या या अनावर ओढीची नोंद विकारांत केली आहे.

अनेकांचा प्रमाद पुढेच होतो. दागिने गहाण ठेवून वा एक मोठे कर्ज काढून ते सर्व लहान देणी एकदम मिटवितात. कार्ड रिकामे होते, आणि वर्षभरात पुन्हा भरते. पित्याने देणे चुकते केल्यावरही लीळा का थांबली नाही, याचे उत्तर येथे आहे. देणे फिटणे वेगळे आणि आसक्ती सुटणे वेगळे. पहिले दुसऱ्याच्या धनाने होते. दुसरे आपल्याच निश्चयाने करावे लागते.

त्याचा क्रम असा: प्रथम सांगावे. जे लपले ते वाढते. म्हणून सर्व देणी एका कागदावर मांडून घरच्यांपुढे ठेवावीत. पत्नीने वा पतीने त्यावेळी निर्भर्त्सना करू नये. परंतु दागिनेही काढून देऊ नयेत. नंतर थांबावे. १९७६ साली न्यूयॉर्क येथे ऋणग्रस्तांनी परस्परांच्या आधारासाठी ‘डेटर्स ॲनॉनिमस’ हा संघ स्थापिला. विनातारण नवे कर्ज न काढणे हा त्यांच्या साधनेचा पाया आहे. कार्ड बंद करावे, मोबाइलमधील दुकाने काढून टाकावीत. नंतर फेडावे, अधिक व्याजाचे देणे आधी. हप्ता झेपत नसेल तर तोंड न चुकविता बँकेकडे जाऊन मुदत मागावी. मन फारच खचले, जीव नकोसा झाला, तर संकोच न करता वैद्याकडे जावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. औषध घेतल्याने धर्मात उणेपण येत नाही. आणि ज्या घटकेला ओढ उठते, त्याच घटकेला नामस्मरणास बसावे. रिते मन भरावयाचेच आहे. ते वस्तूने भरत नाही, एवढा अनुभव तर आलाच आहे.

साधकांनीही येथे अंतर्मुख व्हावे. कित्येक वासनिक ऋण काढून उपहार करतात, वस्त्रे अर्पण करतात, आणि ते श्रद्धा म्हणून वाखाणले जाते. ज्याच्या घरी सावकाराचा तगादा आहे त्याचे महावस्त्र स्वीकारणे ही त्याच्यावर कृपा नव्हे. त्याला प्रेमाने सांगावे की, आधी देणे फेड. तोवर तुझे स्मरण हाच तुझा उपहार. आणि भिक्षान्नावर देह राखणाऱ्याच्या झोळीत जर दुसरी घोंगडी, तिसरे पात्र साठू लागले, तर पट तेथेही मांडला गेला असे जाणावे.

द्यूताच्या पटावरून उठणे हरलेल्यालाही शक्य आहे, हे सर्वज्ञांनी स्वतः उठून दाखविले. ज्याचे देणे अजून फिटले नाही त्यानेही आजच उठावे. फेडणे मग वर्षे लागली तरी होईल.

दंडवत प्रणाम.