सरवा आणि दान

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी गोरगरिबांसाठी फी न घेता काम करावे, याला सहसा कोणी हरकत घेणार नाही. अडचण येते ती पुढच्या प्रश्नापाशी. हे काम अभ्यासक्रमात आहे म्हणून, गुण मिळतात म्हणून केले, तर त्याला सेवा म्हणावे काय?

आमच्या मंडळीतील एक तरुण कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. त्याला मी हे विचारले. तो म्हणाला, "काका, शिबिराला हजेरी लागते, वहीवर सरांची सही होते, त्याचे गुण धरतात. मनापासून येणारे दोन-चारच." शेजारी बसलेल्या एका वडीलधाऱ्या बंधूंना हे रुचले नाही. "सक्तीची सेवा ती वेठ," एवढेच म्हणून त्यांनी विषय संपवला. मला मात्र तो इतक्यात संपण्यासारखा वाटला नाही.

सक्ती आहे हे खरे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे कायद्याच्या महाविद्यालयाने विधी साहाय्य केंद्र चालवले पाहिजे, आणि विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला पाहिजे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने तर २०१५ पासून वकिलीची सनद मागणाऱ्या नवागतांना ५० तासांचे विनामूल्य काम आधी करून दाखवण्याची अट घातली. तेथेही हाच आक्षेप निघाला, की परोपकार कोणी हुकुमाने करतो काय?

पण हा परोपकार आहे, हे तरी आपण कोठून ठरवले? सन १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलीचा हक्क फक्त सनदधारकांना दिला. म्हणजे न्यायमंदिराभोवती कुंपण आहे आणि फाटकाची किल्ली काही थोड्यांच्या हाती आहे. कायद्याची भाषा अशी, की शहाणासुरता शेतकरीही स्वतःच्या दाव्यात मुका होतो. ज्यांना किल्ली मिळाली, त्यांच्याकडे बाहेरच्यांचे काही देणे लागते. देणे फेडण्याची सक्ती असली म्हणून त्याला वेठ म्हणत नाहीत.

शब्बाथ शाळेत आपण मुलांना रूथची गोष्ट शिकवतो. सरवा वेचणे ही बवाजाची मेहेरबानी नव्हती. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे गोळा करू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत, हा नियम शेतमालकाला आधीच घालून दिलेला होता. त्याचे मन प्रसन्न आहे की नाही, हे कोणी विचारले नाही. सरवा वेचणारीला उपकाराचे ओझे नव्हते, ती आपल्या हक्काचे वेचत होती. बवाजाचा चांगुलपणा नियमाच्या पुढे गेल्यावर दिसतो. त्याने गड्यांना सांगितले, की पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम खाली टाका आणि तिला लाजवू नका. कोपरा किती सोडायचा हे नियम ठरवील. लाजवू नका हे नियमाला जमणार नाही. आपल्या बंधूंचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला लागू आहे, पहिल्या नव्हे.

आपल्या देशातही ही गोष्ट दानाच्या खात्यातून हक्काच्या खात्यात गेली, ती हळूहळू. सन १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. सन १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्चे कैदी देशासमोर आले. त्यांपैकी काही तर त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही अधिक काळ, खटला न चालता, आत होते. सन १९८६ मध्ये सुकदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही. ज्याला हक्क ठाऊकच नाही, तो मागणार कसा? पुढे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला, पण अमलात येईपर्यंत १९९५ उजाडले. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अटच नाही. आपल्या मंडळ्यांत किती भगिनींना हे ठाऊक आहे?

आता अवघड भाग. विद्यार्थी हा अजून शिकणारा आहे. शिकाऊ हात गरिबावरच का चालवायचा? श्रीमंताच्या दाव्यावर कोणी तिसऱ्या वर्षाच्या मुलाला सराव करू देत नाही. हा आक्षेप मला वेठीच्या आक्षेपापेक्षा फार जड वाटतो, आणि त्याला पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. मात्र विद्यार्थ्याने काय करावे व काय करू नये, याची रेघ ओढता येते. सनदेवाचून तो कोर्टात वकील म्हणून उभा राहू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पोटगीचा अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा (पूर्वीचे कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १४४), कागद कोणते जोडायचे, तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय कोठे आहे, हे तो बिनचूक सांगू शकतो. गोव्यात विद्यार्थी गावोगाव केंद्रे चालवतात. तेथे लग्नाची सिव्हिल रजिस्ट्रारकडील नोंद आणि नवऱ्याच्या मिळकतीतील बायकोचा वाटा, एवढे नीट समजावले तरी एखाद्या घराचे पुढचे भांडण टळते.

तुरुंगातील काम तर पुष्कळदा साध्या बेरजेचे असते. त्याच नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. इतरांना अर्धा काळ. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. अर्ज करण्याचे काम तुरुंगाच्या अधीक्षकांकडे आहे. पण अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, झालेले दिवस, हा हिशेब कोणी तरी कागद-पेन्सिल घेऊन बसून केला पाहिजे. पाचवीच्या गणितावर एका माणसाचे घरी जाणे अडलेले असते! येथे अनुभव फारसा लागत नाही. बसून राहण्याची चिकाटी लागते.

आणि चिकाटीचाच खरा तुटवडा आहे. शिबिराचा फलक लागतो, फोटो निघतो, वह्या सह्यांनी भरतात. एप्रिलमध्ये परीक्षा येते, मुले आपापल्या गावी जातात. त्या बाईची तारीख मात्र जूनमध्ये असते. ती केंद्रावर येते तेव्हा कुलूप असते, किंवा नवीन मुलगा असतो आणि तो पहिल्यापासून सगळे विचारतो. नवऱ्याने काय केले हे तिने पुन्हा एकदा परक्यासमोर सांगायचे. गुणांसाठी काम केल्याचा दोष मी त्या मुलांना देणार नाही, पण काम अर्ध्यावर सोडण्याचा दोष लागतो. मग ते गुणांसाठी केलेले असो वा प्रेमाने.

म्हणून केंद्रात दोन वह्या असाव्यात. एक हजेरीची, तिच्याविषयी महाविद्यालय पाहून घेईल. दुसरीत प्रत्येक माणसाची पुढची तारीख, त्याला दिलेला सल्ला, आणि सुटीत त्याच्याबरोबर कोण जाणार त्याचे नाव. या शेवटच्या रकान्यासाठी कायदा यावा लागत नाही. तालुक्याच्या कोर्टाबाहेर बाकावर तीन तास बसणे आपल्यापैकी कोणालाही जमेल.