नास्तिकाचा ‘नाही’

भाविक वाचकहो, ‘नास्तिक’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. कोणी एकादशी मोडली की तो नास्तिक, दिंडीची वर्गणी दिली नाही की नास्तिक, आणि सुनेने हळदीकुंकवाला जायचे टाळले की तीही नास्तिक! ज्याला खरोखरच देव पटलेला नाही असा मनुष्य आपल्या आळीत कसा दिवस काढीत असेल, हा विचार त्यामुळे मनात येतच नाही.

आधी शब्द पाहू. पाठशाळेत लागलेली खोड आहे ती. पाणिनीने आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तिन्ही शब्द एकाच सूत्रात साधले. टीकाकार तेथे ‘परलोक आहे’ असे मानणारा तो आस्तिक, असा अर्थ करतात. मनूने वेदनिंदकास नास्तिक म्हटले. आता गंमत पाहा. कुमारिलभट्ट म्हणजे वेदाचे केवढे कैवारी! पण जगाला कोणी कर्ता आहे हे त्यांना मान्य नाही. श्लोकवार्तिकात त्यांनी ते खोडून काढले आहे. सांख्यकारिकांतही ईश्वराला जागा नाही. यांना कोणी पंक्तीतून उठवले नाही. उलट उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला न्यायकुसुमांजली हा अख्खा ग्रंथ रचला. म्हणजे समोर न मानणारा उभा होता, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे असे आचार्यांना वाटले.

हे पोथीत. आळीत काय चालते? गोपाळ गणेश आगरकर पाहा. जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. त्यांना अज्ञेयवादी म्हणा, निरीश्वरवादी म्हणा. देवाच्या नावावर कोणतीही गोष्ट मान्य करायला ते तयार नव्हते, आणि १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रात ते उघड लिहीत होते. पुण्याच्या लोकांनी काय करावे? त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली! आगरकर दम्याने जर्जर, पैसा नाही, तरी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळीत १८९५ साली, चाळिशीही न गाठता, गेले. त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देणारे किती निघाले? तिरडी बांधायला विद्या लागत नाही.

आता कोणी म्हणेल, “बुवा, तो काळ गेला. आज कायदा आहे.” आहे खरा. १९५० च्या राज्यघटनेने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. मंत्र्याने शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हे त्याच्या मर्जीवर ठेवले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होमाशिवाय लग्न लागते. पण घराच्या उंबरठ्याच्या आत कायदा कितीसा येतो! बाप गेला की क्षौर, दहावा, तेरावा, घर बांधले की वास्तुशांत, कचेरीत सत्यनारायण. प्रत्येक ठिकाणी त्या माणसापुढे दोनच वाटा, आईच्या डोळ्यांत पाणी आणायचे नाहीतर खोटे हात जोडायचे. बहुतेक जण हात जोडतात. त्यांना भित्रे म्हणणे मला जमत नाही.

आणि त्याचे मूल तापाने फणफणले, तर शेजारीण येऊन सांगते, “बघा, देवाने दाखवलं.” माळकऱ्याचे मूल त्याच तापाने पडले तर ती देवाने घेतलेली परीक्षा! ताप एकच, पण आपण त्याचे दोन अर्थ लावतो. यात भक्ती कुठे आली?

डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानीत नसत. मात्र जादूटोण्याविरुद्धच्या ज्या कायद्यासाठी ते झटले, तो देवाविरुद्ध नव्हता. त्याला विरोध करणाऱ्यांत आपल्यातलेही लोक होते. कायद्याच्या कलमांविषयी मतभेद असू शकतो. पण २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा “बरं झालं” असे पुटपुटणारे मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आणि तोंडात हे?

दुसरीही एक चाल आहे, आणि ती आम्हा कीर्तनकारांची. नास्तिक चांगला निघाला की आम्ही व्यासपीठावरून सांगतो, “तो आतून भक्तच होता हो, जनसेवा हाच त्याचा विठ्ठल!” टाळ्या पडतात. मला हे पटत नाही. ज्याने जन्मभर किंमत मोजून ‘नाही’ म्हटले, त्याचा तो ‘नाही’ मेल्यावर काढून घेणे हीसुद्धा चोरीच. माझा पांडुरंग मला विटेवर दिसतो. त्याला दिसला नाही. यावर त्याच्याशी रात्रभर वाद घालीन. (म्हातारीच्या हातातल्या जपमाळेची टर उडवणारा नास्तिक भेटला तर त्यालाही सोडणार नाही; दुबळ्यावर हत्यार चालवण्यात कसले आले धैर्य?) पण त्याचे उत्तर त्याच्याच तोंडचे असू द्यावे.

मागे पितृपक्षात एक गृहस्थ आले. “बुवा, मुलगा श्राद्धाला बसत नाही म्हणतो. तुम्ही बसवा.” मी म्हटले, समजवायला येतो, बसवायला नाही. दर्भ हातात कोंबता येतो, संकल्पाचे शब्दही वदवून घेता येतात. पण संकल्प म्हणजे मनाचा निश्चय, तो दुसऱ्याने करायचा कसा? आणि पितरांपुढे पहिलाच शब्द खोटा निघाला तर पुढच्या पिंडाचे काय?

गृहस्थ माझ्यावर रागावले. शेवटी त्यांनी पुतण्याला बसवले. मुलगा घरीच होता, आणि पंगतीत बापाशेजारी जेवला.